अठरा पूर्ण झाल्यावरची अनुरक्षण सेवा: काय मिळतं आणि कुठे अडतं

महाराष्ट्रात बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी सरकारची जी व्यवस्था आहे, तिला अनुरक्षण सेवा म्हणतात. महिला व बाल विकास विभाग ती चालवतो, पुण्यातलं आयुक्तालय देखरेख ठेवतं, जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष ती हाताळतो आणि बाल कल्याण समितीच्या (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय देणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीच्या) आदेशाशिवाय तिचं दार उघडत नाही. वाचणारे बहुधा अधीक्षक, समाजसेवक, एखाद्या मुलीची मावशी किंवा स्वतः सतरा वर्षांचा प्रवेशित असेल, म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. पैसा बेताचा, राहण्याची सोय कमकुवत, कागदपत्रांच्या जोरावर मिळणारे फायदे मात्र उत्तम. आणि हे सगळं नीट मिळतं ते ज्याची तयारी सोळाव्या वर्षी सुरू झाली त्याला. अठराव्या वाढदिवसानंतर धावपळ सुरू करणाऱ्याच्या पदरात फारसं पडत नाही.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ खाली संस्था सोडणाऱ्याला आर्थिक मदत देता येते. वय अठरा ते एकवीस. २०१६ च्या केंद्राच्या आदर्श नियमांतल्या नियम २५ प्रमाणे, अपवादात्मक परिस्थितीत एकविसाव्या वर्षानंतर आणखी दोन वर्षं मुदत वाढवता येते. ही मुदतवाढ आपोआप होत नाही. कारण लेखी मांडावं लागतं: पदवीचं शेवटचं वर्ष, आजारपण, नर्सिंगचा अर्धा राहिलेला अभ्यासक्रम. एकवीस पूर्ण होण्याआधी अर्ज समितीपुढे गेला पाहिजे, कारण बंद झालेलं प्रकरण पुन्हा उघडायला कुणीच उत्सुक नसतं.

आता या सेवेचा कणा. नियम २५ सांगतो की मूल संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकारी, बालकल्याण अधिकारी किंवा समाजसेवकाने त्याचा पुढचा आराखडा करून समितीपुढे ठेवायचा. पुढचं सगळं या एका कागदावर उभं राहतं: पैसे, निवास, प्रशिक्षण. आणि हाच कागद सगळ्यात निष्काळजीपणे लिहिला जातो. ‘मुलाला नोकरीची आवड आहे, मामाकडे राहणार आहे’ एवढ्या दोन ओळींवर मूल मोकळं केलं जातं. मामाच्या घराची गृहचौकशी झालेली नसते. मामाला विचारलेलंसुद्धा नसतं कधीकधी. चार महिन्यांनी मुलगा मामाच्या दारातून परत फिरतो, तेव्हा दप्तरी तो ‘नातेवाइकांकडे पुनर्वसित’ असतो, आणि अनुरक्षणाची शिफारसच नसल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

चांगल्या आराखड्यात काय असावं? राहण्याचा नेमका पत्ता आणि तिथे कोण आहे. अभ्यासक्रमाचं नाव, संस्था, प्रवेशाची तारीख, फी कुठून येणार. पहिल्या दोन महिन्यांचा खर्च, रुपयांत. बँक खात्याचा क्रमांक आणि ते खातं चालू आहे का. कोणते कागद हातात आहेत, कोणते यायचे आहेत, कुठल्या कचेरीत अडलेत. औषधं चालू असतील तर कोणती आणि कुठल्या दवाखान्यातून. आणि एका माणसाचं नाव, ज्याला रात्री दहा वाजता फोन केला तरी चालेल. दोन महिन्यांत हे सगळं जमत नाही. म्हणून नियमातले दोन महिने ही शेवटची मुदत समजावी आणि वैयक्तिक काळजी आराखड्यात सोळाव्या वर्षापासूनच ‘बाहेर पडण्याची तयारी’ असं पान उघडावं. शहाणे अधीक्षक असंच करतात.

एक जुनी अडचण: अठरावा वाढदिवस शाळेच्या वेळापत्रकाला विचारून येत नाही. बारावीच्या परीक्षेला तीन महिने उरले असताना अठरा पूर्ण होतात. अशा वेळी परीक्षेपर्यंत त्याच ठिकाणी राहू देण्याची विनंती लेखी, हॉलतिकीट किंवा बोनाफाईड जोडून, वेळेत समितीकडे करावी. तोंडी सांगून ठेवलेलं तपासणीच्या दिवशी उपयोगी पडत नाही.

पैसा. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुरक्षणातल्या युवकाला दरमहा ४,००० रुपये. पूर्वी हाच आकडा २,००० होता. केंद्र साठ टक्के आणि राज्य चाळीस टक्के भार उचलतं, आणि रक्कम थेट त्याच्या खात्यात जाते. रक्कम दुप्पट झाली, हे खरं. पण पुणे-पिंपरी पट्ट्यात चार हजारांत कॉट बेसिसवरची खाट किंवा दोन वेळची मेस, यांपैकी एकच काय ते बसतं. शिवाय हे पैसे पगारासारखे ठरल्या तारखेला येत नाहीत. अनुदान आलं की काही महिन्यांचे एकदम जमा होतात. त्यामुळे या पैशांवर भाडेकरार करू नये. फी, पुस्तकं, कपडे, हत्यारं अशा खर्चासाठी ते धरावेत, आणि महिन्याचं भाडं व जेवण विद्यावेतनातून किंवा कमाईतून भागेल असा बेत आखावा.

पैसे मंजूर होऊनही खात्यात येत नाहीत, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. दोष बहुतेक वेळा मंत्रालयात नसतो, तो मोबाइल नंबरात असतो. संस्थेतल्या मुलांच्या आधारला अधीक्षकांचा किंवा लिपिकाचा नंबर जोडलेला असतो, कारण अठरा वर्षांखालच्याला सिमकार्ड मिळत नाही. मूल बाहेर पडतं, लिपिकाची बदली होते, आणि ओटीपी कुणाच्या तरी तिसऱ्याच फोनवर जात राहतो. त्यात मुलाचं बँक खातं अज्ञान म्हणून, अधीक्षकांच्या पालकत्वाखाली उघडलेलं असतं. अठरा पूर्ण झाले की नव्याने केवायसी आणि नव्या सह्यांचा नमुना दिल्याशिवाय बँक त्यातून पैसे काढू देत नाही. पॅनकार्ड आधीच काढलं असेल तर त्यावर फोटो नसतो, तेही अद्ययावत करावं लागतं.

म्हणून क्रम पाळावा. आधी स्वतःच्या नावावर सिमकार्ड. मग आधार केंद्रावर जाऊन त्याला तो नंबर जोडणं. मग बँकेत केवायसी. मग पॅन. हा क्रम उलटा केला की प्रत्येक ठिकाणी परत पाठवतात. आणि क्रमाच्याही आधी एक पायरी आहे: आधारमधले बोटांचे ठसे वयाच्या पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. ते राहून गेले असतील तर सिमच्या दुकानातल्या यंत्रावरच ठसा जुळत नाही आणि गाडी पहिल्याच स्टेशनवर अडते. सोळाव्या वर्षीच्या यादीत हे पहिलं काम.

आणखी एक खोच. आधारवर आधारित भरणा असेल तर पैसे अर्जावर लिहिलेल्या खात्यात न जाता आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. आठवीत शिष्यवृत्तीसाठी गावातल्या बँकेत उघडलेलं विस्मरणात गेलेलं खातं असतं ना, तिथे. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती दिसते. ती बघितल्याशिवाय ‘पैसे आलेच नाहीत’ असा अर्ज करू नये, कारण उत्तर येतं ‘पैसे जमा आहेत’, आणि दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात.

या सेवेतली सर्वांत मोलाची वस्तू चार हजारांहून मोठी आहे, ती म्हणजे अनाथ प्रमाणपत्र. २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण आणलं. पुढे नियम बदलत गेले, आणि सध्या ६ एप्रिल २०२३ चा शासन निर्णय लागू धरला जातो. त्यात दोन गट आहेत: संस्थात्मक आणि संस्थाबाह्य. आई-वडील दोघेही मूल अठरा वर्षांचं होण्याआधी वारलेले आणि मूल संस्थेत वाढलेलं असेल तर पहिला गट. आई-वडील वारले पण नातेवाइकांनी वाढवलं, तर दुसरा. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयामार्फत जातो, समितीच्या नोंदी लागतात, आणि प्रमाणपत्रावर विभागीय उपआयुक्तांची सही असते.

मुलगा संस्थेत असेपर्यंत हे काम अधीक्षकांच्या एका पत्रावर पुढे सरकतं. प्रवेशाचा आदेश, सामाजिक तपासणी अहवाल, शाळेची नोंद, सगळं एकाच कपाटात असतं. बाहेर पडल्यावर हेच कागद मागायला त्याला रजा काढून यावं लागतं. संस्था बंद पडली असेल किंवा मान्यता गेली असेल, तर दप्तर कुठे गेलं इथपासून शोध सुरू होतो. संस्थाबाह्य गटात सर्वांत जास्त अडणारा कागद म्हणजे आई-वडिलांचे मृत्यू दाखले. गावात मृत्यूची नोंदच झालेली नसते. वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूची नोंद करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. काकांनी दाखले आणून दिले तर ठीक, नाहीतर हे काम अठराव्या वर्षाच्या मुलाच्या गळ्यात पडतं.

प्रमाणपत्राचा नोकरीतला फायदा किती, ते जाहिरातीतल्या जागांवर ठरतं. पाच-दहा जागांच्या जाहिरातीत एक टक्का म्हणजे कागदावरचा अपूर्णांक. पोलीस भरतीसारख्या मोठ्या भरतीत मात्र खरोखर जागा निघतात. अंमलबजावणी दिव्यांग आरक्षणाच्या धर्तीवर होते, म्हणजे उमेदवार ज्या सामाजिक प्रवर्गातला असेल त्या प्रवर्गातून त्याची निवड मोजली जाते. निवड झाली की नेमणूक तात्पुरती असते, आणि रुजू झाल्यावर नेमणूक करणाऱ्या कार्यालयाने सहा महिन्यांत पुण्याच्या आयुक्तांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यायची असते. इथे नावातली तफावत अंगाशी येते. संस्थेच्या रजिस्टरमध्ये एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. यावर उपाय नववीत करायचा असतो. दहावीच्या बोर्डाच्या अर्जात जे नाव जातं ते आयुष्यभर चिकटतं. शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाच्या मान्यतेने दुरुस्ती होऊ शकते, शाळा सुटल्यावर फार अवघड. जन्मतारखेचंही तेच. आधारमध्ये ती एकदाच बदलता येते, तेव्हा समितीच्या वयनिश्चितीच्या आदेशाशी आणि शाळेच्या नोंदीशी जुळवून मगच तो एकमेव बदल वापरावा.

शिक्षणातला फायदा नोकरीपेक्षा जास्त हमखास आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ठराविक प्रवर्गांतल्या, उत्पन्नाच्या मर्यादेतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, ते सगळ्यांनी वाचलं. त्याच निर्णयात २०२३ च्या शासन निर्णयातल्या दोन्ही गटांतल्या अनाथांचा समावेश आहे, मुली आणि मुलगे दोन्ही. म्हणजे प्रमाणपत्र हातात असलेल्या अनाथ मुलाला इंजिनीअरिंगची किंवा फार्मसीची फी भरावी लागू नये. अट एवढीच की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हे लागू नाही. आणि महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. पहिल्या वर्षी माफी मिळाली, दुसऱ्या वर्षी अर्ज राहिला, आणि कॉलेजने परीक्षेच्या तोंडावर पूर्ण फी मागितली, हा प्रकार सर्रास घडतो.

पण इथेच एक मोठी गैरसमजूत दूर करायला हवी. बालगृहातली बहुसंख्य मुलं या व्याख्येतली अनाथ नसतात. कुणाची आई आहे पण सांभाळू शकत नाही, कुणाचे वडील तुरुंगात, कुणाचे बेपत्ता. एक पालक हयात असेल तर अनाथ प्रमाणपत्र नाही. अशा मुलांना चार हजारांची मदत मिळू शकते, निवास मिळू शकतो, पण अनाथ म्हणून मिळणारं आरक्षण आणि फीमाफी नाही. त्यांच्यासाठी जातीचा दाखला हाच मोठा आधार, आणि तो काढायला वडिलांकडच्या घराण्याचा पुरावा लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. असा पुरावा आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये किंवा कोतवाल बुकात (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीत) असतो, बालगृहाच्या कपाटात नसतो. गृहचौकशीसाठी गावी जाणाऱ्या समाजसेवकाने एवढं एक काम त्याच फेरीत उरकलं तर मुलाची दोन वर्षं वाचतात. ‘हे माझं काम नाही’ असं कुणी म्हणालं तर नियमानुसार ते चूकही नाही, आणि हीच तर या सेवेची उणीव आहे.

निवास. नियमात सहा ते आठ जणांच्या गटाने तात्पुरतं एकत्र राहण्याची कल्पना आहे, आणि कल्पना म्हणून ती फार चांगली आहे. सहा जण मिळून घर घेतात, एक समुपदेशक येत-जात राहतो, भाडं वाटून जातं, स्वयंपाक आणि वीजबिल हाताळायची सवय लागते. प्रत्यक्षात मुलांच्या वाट्याला येतं ते अनुरक्षणगृह, म्हणजे बालगृहाचीच थोरली आवृत्ती. रात्री ठराविक वेळेला फाटक बंद. दुसऱ्या पाळीत काम करणारा मुलगा तिथे टिकूच शकत नाही. तेव्हा गृहात प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: रात्री परतण्याची वेळ काय, कामाच्या पाळीसाठी सवलत लेखी मिळते का, आणि जवळचं बसस्थानक किंवा औद्योगिक वसाहत किती लांब आहे.

मुलींचं चित्र आणखी बिकट. अठरा पूर्ण झालेल्या मुलीला पुष्कळदा महिला राज्यगृहात किंवा शक्ती सदनात पाठवतात. ती ठिकाणं संकटातल्या स्त्रियांसाठी आहेत: घरातून हाकललेल्या, फसवून विकलेल्या, कोर्टाच्या आदेशाने ठेवलेल्या. त्यांना त्यांची गरज आहेच. पण अकरावीपासून कॉमर्स शिकणाऱ्या मुलीला तिथे टाकणं म्हणजे तिचा अभ्यास थांबवणं. तिच्यासाठी सखी निवास, म्हणजे नोकरदार स्त्रियांचं वसतिगृह, जास्त योग्य. तिथे भाडं पगाराच्या टक्क्यांत बांधलेलं असतं, सामायिक खोलीत कमी, आणि प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींनाही काही जागा असतात. अर्जाबरोबर बाल संरक्षण कक्षाचं पत्र जोडलं की ‘स्थानिक पालक कोण’ या रकान्याचा प्रश्न सुटतो.

खासगी खोली घ्यायची तर घरमालक पहिल्यांदा वडिलांचा नंबर मागतो. खोटा नंबर देण्यापेक्षा संस्थेचं किंवा कक्षाचं संपर्कपत्र द्यावं. करार नोंदणीकृतच करावा. तो पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून आधार, बँक, मतदार यादी सगळीकडे चालतो. संस्थेचा पत्ता आधारवर तसाच राहिला तर पत्रं आणि एटीएम कार्डं संस्थेत जाऊन पडतात. मतदार नोंदणीसाठी आता वर्षातून चार अर्हता तारखा आहेत, तेव्हा पुढच्या जानेवारीपर्यंत थांबायचं कारण उरलेलं नाही.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांबाबत ही सेवा जवळजवळ गप्प आहे. वयाने अठरा झाले म्हणून ती स्वतंत्र राहू शकत नाहीत. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, ते वर्षानुवर्षं हाच मुद्दा मांडत आले आहेत की अशा अनाथांना अठराव्या वर्षी बाहेर काढू नये. तोवर करता येण्यासारखं काम म्हणजे राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेणं, आणि निरामय विमा काढणं. त्यात वर्षाला एक लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो. अठरानंतर पालक नेमलेला नसेल तर शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही कुणाची, इथपासून अडतं.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. तीन महिन्यांचे कोर्स आणि नंतर मॉलमध्ये किंवा सुरक्षारक्षक म्हणून नोकरी, ही ठरलेली वाट. ती वाईट नाही, पण निवासी नसलेलं प्रशिक्षण घेऊ नये, कारण राहण्याचा खर्च विद्यावेतनाहून जास्त होतो. आयटीआय करून शिकाऊ उमेदवारी हा त्याहून पक्का मार्ग. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये महिना ठरवला गेला होता, पण ते प्रशिक्षण ठराविक मुदतीचं आहे, कायम नोकरी नाही. नोकरी लागली तरी पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना जातो. त्या काळातली खाट, मेसची आगाऊ रक्कम आणि बसचा पास, यांचे पैसे आराखड्यात आधी धरलेले नसतील तर मूल दुसऱ्याच आठवड्यात काम सोडतं आणि ठपका ‘जबाबदारी नाही’ असा बसतो.

निरीक्षणगृहातून किंवा विशेष गृहातून, म्हणजे गुन्ह्याच्या प्रकरणात अडकलेल्या मुलांच्या गृहांतून आलेल्यांना एक भीती असते: पोलिसांची चारित्र्य पडताळणी. कायदा इथे स्पष्टपणे त्यांच्या बाजूचा आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे बालवयातल्या प्रकरणामुळे अपात्रता येत नाही (सोळा वर्षांवरच्या अतिगंभीर गुन्ह्याचा अपवाद सोडून), आणि कलम ७४ प्रमाणे चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी अशी नोंद उघड करायची नसते. कलमांची छापील प्रत फाइलमध्ये ठेवावी. ठाण्यातल्या प्रत्येक हवालदाराला ती पाठ असेल अशी अपेक्षा ठेवू नये.

समुपदेशक नियमात आहे, माणसं कमी आहेत. एका कक्षाकडे अख्खा जिल्हा असतो. १०९८ ही हेल्पलाइन अठराच्या आतल्यांसाठी. मोठ्यांना मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि मुलींना १८१ आहे. रोजच्या आधाराची पोकळी स्वयंसेवी संस्था भरतात. ‘कॅटलिस्ट्स फॉर सोशल ॲक्शन’ ही संस्था महाराष्ट्र आणि गोव्यातल्या बालगृहांबरोबर काम करते आणि अठरानंतरही मुलांच्या संपर्कात राहते. दिल्लीच्या ‘उदयन केअर’ने मांडलेले अनुरक्षणाचे आठ पैलू (निवास, स्वतंत्र राहण्याची कौशल्यं, नाती, पैसा व करिअर, शिक्षण, शरीराचं आरोग्य, मनाचं आरोग्य, ओळख व कायदेशीर जाण) आराखडा लिहिताना तपासयादी म्हणून फार कामाचे आहेत. सरकारी आराखडे बहुतेक वेळा यातल्या दोनांवर थांबतात.

तुलना करायची तर हिमाचल प्रदेशकडे बघावं. २०२३ च्या सुख-आश्रय कायद्याने तिथे वयोमर्यादा सत्तावीस केली, दरमहा ४,००० खर्चायला, आणि घरासाठी तीन बिस्वे (बिस्वा हे तिथलं जमिनीचं माप) जमीन व तीन लाख रुपये. कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्यांसाठीच्या पीएम केअर्स योजनेत तेवीसपर्यंत विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख. म्हणजे एकवीस वर्षं हे वय तोकडं आहे, हे सरकारला कळलेलं आहे. महाराष्ट्राची फीमाफी हिमाचलइतकीच मोलाची म्हणावी लागेल, वयोमर्यादा मात्र नाही.

कोण बाहेर राहतं? अधिनियमातली व्याख्या संस्थात्मक काळजी सोडणाऱ्यांची आहे. प्रतिपालक कुटुंबात वाढलेलं मूल, किंवा क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये घेऊन आजीकडे वाढलेलं मूल, त्यात नीट बसत नाही. अठरा झाले की हे पैसे थांबतात आणि पुढचं दार नाही. त्यांनी संस्थाबाह्य गटातलं अनाथ प्रमाणपत्र लागू होतं का हे आधी तपासावं, आणि तेही सतरा संपण्यापूर्वी, कारण बालसंगोपनाची फाइल तोवर चालू असते आणि तीच मोठा पुरावा ठरते.

शेवटची बाब कुठल्याच आराखड्यात नसते: आई-वडिलांची जमीन किंवा घर. मूल लहान असताना काकांनी, मामांनी ती विकलेली असू शकते. अज्ञानाच्या पालकाने न्यायालयाच्या परवानगीवाचून स्थावर विकली असेल तर तो व्यवहार रद्द करून घेण्यासाठी मूल सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. म्हणजे एकविसाव्या वाढदिवसापर्यंत. नेमकी तीच वर्षं ही सेवा सांभाळते, आणि त्या वर्षांत त्याला हे कुणी सांगत नाही. गावाचं आणि वडिलांचं नाव माहीत असेल तर महाभूलेखवर सातबारा फुकट बघता येतो, सही असलेला उतारा १५ रुपयांत मिळतो. शहरात असेल तर मिळकत पत्रिका. जुने फेरफार मागवून विक्री कधी आणि कुणी केली ते पाहावं. काहीच विकलेलं नसेल तर मृत्यू दाखले जोडून ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे तलाठ्याकडे) वारस नोंदीचा अर्ज. विकलेलं असेल तर जमीन ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं, दावा तिथेच चालतो. मुलगी असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीतला मुलगा असेल तर उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. वकिलाला भेटताना मुलाच्या वयाचा पुरावा आणि समितीचा प्रवेश आदेश दोन्ही बरोबर न्यावेत, तीन वर्षांची मोजणी वयाच्या पुराव्यावरून होते.